तीन शिखरांपासून औषधाच्या हिशेबापर्यंत

१९५१ साली 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'मध्ये एक छोटंसं टिपण छापून आलं. विषय होता साधा अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल. लेखक तिघे होते: जेम्स आर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत या तिघांनी अल्कोहोलची नळी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये धरली आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर काय उमटतं ते पाहिलं. हायड्रोजनचं एक शिखर दिसेल अशी अपेक्षा होती, पण पडद्यावर तीन शिखरं उभी राहिली. त्यांची क्षेत्रफळं मोजली तर प्रमाण निघालं एकास दोनास तीन.

अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. एक ऑक्सिजनला चिकटलेला, दोन मधल्या कार्बनला आणि तीन टोकाच्या कार्बनला. पडद्यावरची शिखरं नेमकं हेच सांगत होती. रेणूतला कुठला अणू कुठे बसला आहे हे शिखराच्या जागेवरून कळत होतं आणि तसे किती अणू आहेत हे त्याच्या क्षेत्रफळावरून. पुढे जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना पहिल्या गोष्टीनं वेड लावलं. दुसरी गोष्ट, म्हणजे नुसती मोजदाद, कितीतरी वर्षं मागेच राहिली. औषधाच्या गोळीत छापलेल्या आकड्याइतकं औषध खरंच आहे का, या प्रश्नाचं एक उत्तर मात्र त्या दुसऱ्या गोष्टीत होतं.

त्या टिपणाच्या आधीची कथा थोडक्यात अशी. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५-४६च्या हिवाळ्यात, स्टॅनफर्डला ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की अणुकेंद्रं चुंबकीय क्षेत्रात ठेवली आणि त्यांच्यावर ठरावीक कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी सोडल्या की ती त्या लहरींना साद देतात. या घटनेला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे एनएमआरच म्हणतात. दोघांना मिळून १९५२चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. भौतिकशास्त्रज्ञांना या तंत्रानं अणुकेंद्रांचे चुंबकीय गुणधर्म मोजायचे होते, आणि धर्मट्टीही स्टॅनफर्डला तेच काम करत होते. एकाच मूलद्रव्याची साद वेगवेगळ्या संयुगांत वेगवेगळ्या ठिकाणी येते हे लक्षात आलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना ती कटकट वाटली. या कटकटीत रसायनशास्त्राचं सोनं आहे हे अल्कोहोलच्या तीन शिखरांनी सिद्ध केलं.

धर्मट्टी भारतात परतले ते मुंबईला, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होती. कुलाब्याच्या टोकावरच्या आजच्या इमारतीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायला १९६२चा जानेवारी उजाडला. देशातला एनएमआर संशोधनाचा गट धर्मट्टींनी याच संस्थेत बांधला. त्याच परंपरेतून पुढे सी. एल. खेत्रपाल आणि गिरजेश गोविल यांच्यासारखे शास्त्रज्ञ नावारूपाला आले. म्हणजे जगात या तंत्राचा रसायनशास्त्रीय उपयोग सुरू होऊन जेमतेम काही वर्षं झाली असताना मुंबईत त्याचा जाणकार गट उभा होता, आणि त्याचा प्रमुख मूळ प्रयोगातलाच एक होता.

आता औषधाकडे येऊ. १९६१ साली व्हेरियन या अमेरिकी कंपनीनं ए-६० नावाचं यंत्र बाजारात आणलं. साठ मेगाहर्ट्झचं हे यंत्र रोजच्या वापरासाठी घडवलेलं होतं. ते चालवायला भौतिकशास्त्रज्ञ लागत नव्हता, रसायनशास्त्रज्ञालाही जमत होतं. दोनच वर्षांत, १९६३मध्ये, 'अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात डी. पी. हॉलिस यांचा एक निबंध आला. अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन यांच्या मिश्रणातलं प्रत्येकाचं प्रमाण एनएमआरनं कसं काढायचं, हा त्याचा विषय.

हे मिश्रण म्हणजेच एपीसीची गोळी. वडीलधाऱ्या वाचकांना ती आठवत असेल. डोकं दुखलं, अंग मोडून आलं, कणकण वाटली की दवाखान्यात हीच गोळी हातावर पडायची. ठरलेल्या जुन्या पाठानुसार एका गोळीत सुमारे २२७ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, १६२ मिलिग्रॅम फेनासेटिन आणि ३२ मिलिग्रॅम कॅफीन असे. तिची तपासणी हे विश्लेषकांचं जुनं दुखणं होतं. आधी तिन्ही द्रव्यं द्रावकांनी एकमेकांपासून सोडवायची, मग प्रत्येकाचं वेगळं मोजमाप करायचं, आणि दर टप्प्यावर थोडं थोडं हातातून निसटायचं. हॉलिस यांनी सोडवासोडव करायचं टाळलं. तिन्ही द्रव्यांत मिथाइल गट आहेत, पण त्यांचा शेजार वेगवेगळा असल्यानं आलेखावर त्यांची शिखरं वेगवेगळ्या जागी येतात. मिश्रण तसंच विरघळवायचं, आलेख काढायचा, तीन शिखरांखालची क्षेत्रफळं मोजायची, की तिघांचा हिशेब एकदम. पुढे मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून फेनासेटिनवर १९८३ साली भारतात बंदी आली आणि एपीसी इतिहासजमा झाली. पद्धत मात्र टिकली.

ती पद्धत जवळून पाहू. समजा अ‍ॅस्पिरिनची एक गोळी खलात बारीक केली आणि २४ मिलिग्रॅम पूड सूक्ष्म तराजूवर तोलून घेतली. तिच्यात ११.६ मिलिग्रॅम शुद्ध मॅलेइक आम्ल घातलं. हे आपलं माप. दोन्ही ड्यूटेरियमयुक्त द्रावकात विरघळवलं. कारण साध्या द्रावकातला हायड्रोजन स्वतःच एवढा मोठा आवाज करतो की बाकीचं काही ऐकू येत नाही. द्रावण पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत भरून चुंबकात सोडलं. मॅलेइक आम्लाच्या रेणूत मोजण्याजोगे दोन हायड्रोजन असतात, अ‍ॅस्पिरिनच्या अ‍ॅसिटाइल गटात तीन. ११.६ मिलिग्रॅम आम्ल म्हणजे एका मोलचा दहा हजारावा भाग. आता अ‍ॅस्पिरिनचं शिखर आम्लाच्या शिखराच्या बरोबर दीडपट भरलं, तर रेणूंची संख्या दोन्हीकडे सारखी झाली. अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८०, म्हणजे पुडीत १८ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन. चोवीसातले अठरा, पाऊणशे टक्के. उरलेलं स्टार्च वगैरे. पूर्ण गोळीचं वजन ठाऊक असलं की गोळीतलं औषध त्रैराशिकानं निघतं. भारतीय औषधसंहितेनुसार अ‍ॅस्पिरिनच्या गोळीत ते लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्क्यांत बसायला हवं.

यातली खुबी अशी की अ‍ॅस्पिरिन मोजायला शुद्ध अ‍ॅस्पिरिनचा नमुना लागला नाही. मंडईतला भाजीवाला एकाच किलोच्या वजनानं बटाटेही तोलतो आणि आलंही. एनएमआरमध्ये हायड्रोजन हेच ते वजन. कुठल्याही रेणूतला हायड्रोजन सारख्याच जोरानं साद देतो, म्हणून एका मापावर शेकडो औषधं मोजता येतात. अट एवढीच की घाई करायची नाही. एकदा लहर सोडल्यावर अणुकेंद्रं पुन्हा मूळ स्थितीत यायला काही सेकंद घेतात, आणि तेवढी उसंत न देता दुसरी लहर सोडली तर क्षेत्रफळं खोटी निघतात. थांबायचा काळ या शिथिलनाच्या काळाच्या निदान पाचपट ठेवावा, असा दंडक विश्लेषकांनी पुढे घालून घेतला.

मग औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हे यंत्र का रुळलं नाही? खर्च आणि संवेदनशीलता ही दोन कारणं. १९६६ साली रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी रेडिओ लहरींचे ठोके आणि गणिती रूपांतरण वापरून यंत्राची ताकद अनेक पटींनी वाढवली. अर्न्स्ट यांना १९९१चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पण ताकद वाढली तशी किंमतही. अतिवाहक चुंबक आले, आणि ते उणे २६९ अंशांवर द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागत. १९८०च्या दशकात गोविल यांच्या पुढाकारानं टाटा संस्थेत उच्चक्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली आणि पाचशे मेगाहर्ट्झचं यंत्र आलं. त्यावर प्रथिनं आणि डीएनए यांच्या रचना उलगडू लागल्या. गोळ्या मोजण्याचं काम दरम्यान द्रव वर्णलेखनानं, म्हणजे सगळे ज्याला एचपीएलसी म्हणतात त्यानं, आपल्याकडे घेतलं. ते स्वस्त आहे, कमी मात्राही पकडतं, फक्त दर औषधासाठी त्याचा वेगळा शुद्ध नमुना मागतं. उद्योगाला हा सौदा परवडला.

याच काळात, कुलाब्यापासून आठेक किलोमीटरवर, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत रुग्ण दगावू लागले. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीन, देण्यात आलं होतं. मूळ दुखण्याशी ज्याचा संबंध नाही असं काही घडत होतं: लघवी बंद पडत होती, मूत्रपिंडं निकामी होत होती. चौदा रुग्ण गेले. औषधी म्हणून आलेलं ग्लिसरीन औद्योगिक प्रतीचं होतं आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. हे विष नवं नव्हतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात ते द्रावक म्हणून वापरल्यानं शंभरहून अधिक माणसं मेली होती, आणि त्या धक्क्यातून तिथे १९३८चा औषध कायदा आला होता. आपल्या देशात १९७२ साली मद्रासमध्ये मुलं याच विषानं दगावली होती.

महाराष्ट्र सरकारनं न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे जे निघालं त्यानं मुंबई हादरली. खरेदीपासून परवान्यापर्यंत प्रत्येक टेबलावर कुणीतरी डोळेझाक केलेली होती. रुग्णालयानं माल न तपासता घेतला, अन्न व औषध प्रशासनानं पुरवठादारांना पाठीशी घातलं, आणि मंत्रालयापर्यंत धागे पोचले. अहवालानंतर आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. लेंटिन यांचं नाव मुंबईत अजून आदरानं निघतं ते या निर्भीड अहवालामुळे.

इथे एनएमआरचा मोठेपणा सांगायचा मोह आवरायला हवा. त्या पिंपांतलं विष ओळखायला पाचशे मेगाहर्ट्झचा चुंबक लागला नसता. ग्लिसरॉलची घनता १.२६, डायएथिलिन ग्लायकॉलची १.१२. प्रकाश वाकवण्याचा गुणांक एकाचा १.४७४, दुसऱ्याचा १.४४७. घनता मोजायची साधी बाटली किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला रिफ्रॅक्टोमीटर एवढ्यानंही शंका यायला हवी होती. शिवाय प्रोटॉनच्या आलेखात या दोघांची शिखरं इतकी जवळ येतात की कमी ताकदीच्या यंत्रावर जपूनच वाचावं लागतं. कार्बनच्या आलेखात ती अधिक मोकळी दिसतात. मुंबईत विद्या होती, माणसं होती, यंत्रं होती. पिंप वापरायला काढण्याआधी त्यातला थेंब तपासलाच पाहिजे असा धाक तेवढा कुणाला नव्हता.

साध्या चाचण्या जिथे हरतात ते प्रकरण बावीस वर्षांनी आलं. २००८च्या आरंभी अमेरिकेत डायलिसिसवरच्या रुग्णांना, त्यांत लहान मुलंही होती, हेपारिन टोचल्यावर लगेच रक्तदाब कोसळणं, श्वास कोंडणं असे प्रकार होऊ लागले. हेपारिन रक्त गोठू देत नाही. ते डुकराच्या आतड्यांपासून काढतात आणि या खेपांचा कच्चा माल चीनमधून आला होता. प्रचलित चाचण्या रक्त गोठणं किती लांबतं एवढंच पाहत, आणि त्या सगळ्या व्यवस्थित पास होत होत्या. एनएमआरच्या आलेखाच्या पट्टीवर मात्र २.०५च्या आसपासच्या हेपारिनच्या शिखराशेजारी २.१५जवळ एक आगंतुक शिखर उभं होतं. ते होतं अतिसल्फेटयुक्त कॉन्ड्रॉइटिन, हेपारिनसारखंच वागणारं आणि कितीतरी स्वस्त पडणारं. कुणीतरी विचारपूर्वक असा भेसळमाल निवडला होता जो चाचणीला फसवेल. एमआयटीतले राम शशिशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना काही आठवड्यांत पक्की केली. मार्च २००८मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं एनएमआरची पद्धत जगापुढे ठेवली, आणि लवकरच अमेरिकी औषधसंहितेत हेपारिनसाठी ही तपासणी सक्तीची झाली. १९५१च्या तीन शिखरांना कायद्यात जागा मिळायला जवळपास साठ वर्षं लागली आणि अनेक रुग्णांचे प्राण जावे लागले.

त्यानंतर मोजदादीचीही कदर वाढली. जपानच्या औषधसंहितेनं गेल्या दशकात वनौषधींच्या तपासणीसाठी लागणाऱ्या प्रमाणद्रव्यांची शुद्धता एनएमआरनं ठरवायला सुरुवात केली. त्यामागचं कारण आपल्याला लगेच पटेल. वनस्पतीत शेकडो द्रव्यं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा खात्रीचा शुद्ध नमुना बाजारात मिळत नाही. जिला शुद्ध नमुना लागतच नाही अशी पद्धत तिथे वरदान ठरते.

उदाहरणाला बरुआसागर घ्या. झाशीहून पूर्वेला, खजुराहोच्या वाटेवर, ओर्छाच्या उदितसिंहानं बांधलेल्या तलावाकाठचं हे गाव. आज त्याची ओळख आल्याची आणि हळदीची. आलं वाळलं की सुंठ होते, आणि सुंठीशिवाय आयुर्वेदातल्या किती चूर्णांचं पान हलत नाही ते घरोघरी ठाऊक आहे. पण चूर्णाच्या डबीवर सुंठ अमुक ग्रॅम असं छापलं म्हणजे तिच्यातलं जिंजेरॉल किती हे कळत नाही. ते जमिनीवर, वाळवण्यावर आणि साठवणीच्या दिवसांवर ठरतं. उष्णतेनं जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि गुण पालटतो. हळदीतल्या कर्क्युमिनचंही तसंच. चूर्णाची चिमूट विरघळवून एका आलेखात या द्रव्यांचा हिशेब मांडता येतो. उत्तर प्रदेशात त्यासाठी फार लांब जायलाही नको: खेत्रपाल यांनी लखनौला संजय गांधी पदव्युत्तर संस्थेच्या आवारात चुंबकीय अनुस्पंदनाचं केंद्र उभं केलं, आणि भारतीय औषधसंहिता आयोग गाझियाबादला आहे. आलं पिकतं ते गाव, आलेख काढणारं केंद्र आणि नियम लिहिणारं कार्यालय एकाच राज्यात आहेत.

यंत्रही आता आवाक्यात येऊ लागलं आहे. गेल्या दशकात कायम चुंबकांवर चालणारी, हेलियम न मागणारी, टेबलावर मावणारी यंत्रं निघाली. त्यांतली बरीचशी साठ ते शंभर मेगाहर्ट्झची आहेत, म्हणजे ताकद १९६१च्या ए-६०च्या घरातलीच. गोळीतलं औषध लेबलाइतकं आहे की निम्मं, की मुळीच नाही, हे ती सांगू शकतात. बनावट औषधांचा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे हे सांगायला रघुनाथ माशेलकर समितीचा २००३चा अहवाल पुरेसा आहे. त्यानंतर २००८च्या दुरुस्तीनं बनावट औषधानं जीव घेणाऱ्यासाठीची किमान शिक्षा कायद्यात वाढवली गेली. शिक्षा कडक झाली, तपासणी मात्र त्या मानानं वाढली नाही.

२०२२मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं दगावली आणि बोट भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांकडे गेलं. त्यानंतर १ जून २०२३पासून खोकल्याचं सिरप परदेशी पाठवण्याआधी सरकारी प्रयोगशाळेत तपासणं सक्तीचं झालं. देशातल्या बाटल्यांसाठी मात्र कच्चा माल उत्पादकानं तपासावा हा जुनाच नियम चालू राहिला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात तापखोकल्याची लहान मुलं मूत्रपिंडं बंद पडून जाऊ लागली. त्यांतली कितीतरी उपचारांसाठी नागपूरला आणली गेली आणि तिथेच दगावली. वीसहून अधिक मुलं गेली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं त्या सिरपच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के असल्याचं सांगितलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. जे. जे.च्या ग्लिसरीनला तेव्हा एकोणचाळीस वर्षं झाली होती.

अल्कोहोलच्या नळीपासून इथपर्यंतच्या या इतिहासाचा निकाल सरळ आहे. औषध मोजण्याची विद्या कधीच अपुरी पडली नाही. ती पिंपापर्यंत आणि बाटलीपर्यंत पोचवण्याची व्यवस्था दर वेळी अपुरी पडली. तेव्हा मागणी दोन गोष्टींची करायला हवी. निर्यातीच्या सिरपला जी तपासणी लागू आहे ती गावच्या दुकानातल्या सिरपलाही लागू व्हावी. आणि प्रत्येक जिल्ह्यातून उचललेल्या नमुन्यांचे निकाल बॅच क्रमांकासह, महिन्याभरात, लोकांना वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं: औषधाचं बिल मागून घ्यावं, त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी ताडून पाहावा, आणि बाटली संपेपर्यंत ते बिल टाकू नये. तपासणी करायची वेळ आलीच, तर तिची सुरुवात त्या क्रमांकापासून होते.